मिरीच्या नावावर मिरचीचा ताबा

दिल्लीतल्या सरकारी वसाहतींची नावे वाचली, की स्वातंत्र्यलढ्याची हजेरी घेतल्यासारखे वाटते. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, किडवई नगर, आणि त्यांच्या शेजारी आमचे लक्ष्मीबाई नगर. क्वार्टर पत्नीच्या नावावर आहे, कारण ती केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. मुख्यालयातल्या पोस्टिंगमुळे मी सध्या तिच्याकडे राहतो, असे ती पाहुण्यांना सांगते. वीसहून अधिक वर्षांच्या नोकरीत दारावर माझ्या हुद्द्याची पाटी नसलेले हे पहिलेच घर.

चालत जाण्याच्या अंतरावर आयएनए मार्केट आहे. आयएनए म्हणजे आझाद हिंद सेना. त्या सेनेत १९४३ साली सिंगापूरला स्त्रियांची पलटण उभी राहिली, तिचे नाव राणी झाशी रेजिमेंट. म्हणजे राणीच्या नावाची वसाहत आणि तिच्या नावाने पलटण काढणाऱ्या सेनेच्या नावाचा बाजार शेजारी शेजारी आहेत. या बाजारात केरळची दुकाने आहेत, मासळी आहे, ईशान्येकडच्या लोकांना लागणारे जिन्नस आहेत. आमच्या जिन्यावर मल्याळी, बंगाली, तमिळ, कुमाऊँनी अशी बिऱ्हाडे राहतात. शब्द गोळा करायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

मला शब्द गोळा करायची सवय युनिटच्या लंगरात लागली. मिश्र पलटणीत एकाच भांड्यातली भाजी दहा भाषांचे लोक खातात आणि त्यात काय कमी पडले ते दहा भाषांत सांगतात. सगळ्यात जास्त तक्रार मिरचीची. कुणाला कमी, कुणाला जास्त. त्या तक्रारी ऐकता ऐकता लक्षात आले, की मिरचीचे नाव प्रत्येकाचे वेगळे आहे. पण बहुतेक नावांच्या आत एकच जुना शब्द लपलेला आहे. तो शब्द मिरीचा.

आधी मिरीची सर्व्हिस हिस्ट्री पाहू. मिरीचा वेल मूळचा केरळच्या किनाऱ्याचा आणि पश्चिम घाटाचा. संस्कृतात तिला मरिच म्हणतात. तिचे आणखी एक संस्कृत नाव आहे यवनप्रिय, म्हणजे परदेशी लोकांना आवडणारी. हे नाव तिला शोभते. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले आहेत. तो राजा ख्रिस्तपूर्व १२१३ साली वारला. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात कुरकुर करून गेला आहे, की तिखटपणाखेरीज जिच्यात काही नाही त्या वस्तूसाठी आपण थेट हिंदुस्थानपर्यंत जातो. इ. स. ४०८ मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती.

मिरची या सगळ्यात कुठेच नाही. ती अमेरिका खंडाची. मेक्सिकोच्या नाहुआतल भाषेत तिला चिल्ली म्हणत. इंग्रजी शब्द तिथून आला. कोलंबस निघाला होता मिरीच्या देशाला, पोहोचला कॅरिबियन बेटांवर. तिथले लोक ज्याला आही म्हणत ते झणझणीत फळ त्याने खाल्ले आणि जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत, ही इथल्या लोकांची मिरी आहे आणि आपल्या मिरीपेक्षा सरस आहे, अशा अर्थाची नोंद केली. मिरीच्या नावावर मिरचीचा ताबा सुरू झाला तो तिथून. पुढे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. ती इतक्या लवकर इथली झाली, की लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली छापलेल्या ग्रंथात तिचे चित्र देऊन तिला कालिकतची मिरी म्हटले. अमेरिकेतून निघून पन्नास वर्षे झाली नव्हती, आणि युरोपातला जाणकार माणूस तिला हिंदुस्थानी समजत होता.

आता शब्दांकडे येऊ. नवा माणूस युनिटमध्ये आला की त्याची ओळख कशी करून देतात? कुणाचा तरी नातेवाईक म्हणून, नाहीतर गावाच्या नावाने. तिसरा प्रकार म्हणजे तो जुन्या माणसाच्या खुर्चीत बसतो आणि लोक त्याला जुन्याच्या नावाने हाक मारू लागतात. आपल्या भाषांनी मिरचीच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार केले.

पहिला प्रकार नात्याचा. तमिळमध्ये मिरी म्हणजे मिळगु आणि मिरची म्हणजे मिळगाय. मिळगु अधिक काय, म्हणजे मिरीचे फळ. कन्नडमध्ये मेणसु आणि मेणसिनकायि. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. तिन्हींची रीत एकच. आपल्या कोकणीत आणि मालवणीत मिरसांग. यातली सांग म्हणजे शेंग. शेवग्याच्या शेंगेला कोकणीत मस्कासांग म्हणतात, तीच ही सांग. म्हणजे मिरीच्या चवीची शेंग. कोकणी माणसाने पहिल्यांदा हे फळ पाहिले तेव्हा त्याला काय वाटले, ते या शब्दात जसेच्या तसे राहिले आहे.

या प्रकारातला माझा सर्वांत आवडता शब्द मी काश्मीरच्या पहिल्या पोस्टिंगमध्ये ऐकला. तिथे मिरचीला मर्चवांगुन म्हणतात. मर्च म्हणजे मिरी आणि वांगुन म्हणजे वांगे, आपल्या मराठी वांग्याचाच भाऊ. मिरीचे वांगे! ऐकताना हसू येते. पण वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडले तर मिरची, वांगी, बटाटा, टोमॅटो एकाच कुळातली निघतात, आणि मिरीचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. पुस्तक हातात न घेता काश्मिरी शेतकऱ्याने फूल आणि देठ पाहून कूळ बरोबर ओळखले होते.

दुसरा प्रकार गावाचा. कोलकात्यात मिरचीला लंका म्हणतात, ओडिशातही लंका. लंका म्हणजे समुद्रापलीकडचा मुलूख; ही तिकडून आली असे लोकांनी धरले असावे. मिरीसाठी बंगालीत गोलमरिच आहे. गंमत म्हणजे ढाक्याकडचा बंगाली मिरचीला मरिचच म्हणतो. एकाच भाषेने दोन काठांवर दोन निर्णय दिले. नेपाळी भाषेत मिरची म्हणजे खुर्सानी. गोरखा पलटणीत काम केलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत असणार. ऐकताच खुरासान आठवते, आणि मिरचीचा खुरासानशी संबंध मेक्सिकोहून जास्त नाही. पण त्यामुळे नेपाळीत मरिच हा शब्द मिरीसाठी मोकळा राहिला. मल्याळममध्ये एक नाव कप्पल मुळकु असे आहे. कप्पल म्हणजे जहाज. जहाजाने आलेली मिरी. या एका शब्दात आगमनाचा सगळा अहवाल आला.

तिसरा प्रकार सरळ ताब्याचा. मल्याळममध्ये आज नुसते मुळकु म्हटले की मिरचीच समजतात, आणि ज्या वेलाने केरळला जगाच्या नकाशावर आणले त्याच्या फळाला कुरुमुळकु किंवा नल्लमुळकु, म्हणजे बियांची मिरी किंवा चांगली मिरी, असे विशेषण लावून ओळख पटवावी लागते. श्रीलंकेत सिंहलीत मिरिस म्हणजे मिरची आणि गम्मिरिस म्हणजे मिरी. गम म्हणजे गाव. आमच्या आधीच्या पिढीतले शांतिसेनेत जाऊन आलेले साहेब लोक हा शब्द ओळखतील. आणि हिंदी. मिर्च म्हणजे मिरची. मिरी हवी असेल तर काली मिर्च म्हणा. घरमालक भाडेकरू झाला आणि भाडेकरूच्या नावाने घरपट्टी येऊ लागली, तसा हा प्रकार.

इंग्रजांना हसायचे कारण नाही; पण त्यांच्याकडे हा ताबा दोनदा झाला आहे. पेपर हा शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून गेला तो मूळ आपल्या पिप्पलीचा, म्हणजे पिंपळीचा. पिंपळीचे नाव मिरीने घेतले आणि मिरीचे नाव मिरचीने. दिल्लीत पुष्कळ मुली पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो भर लोकसभेत फवारला गेला. त्यात मिरी नसते. डोळे जाळणारे द्रव्य असते कॅप्सेसिन, आणि ते मिरचीचे. तेजपूरच्या आपल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २००० साली आसामच्या जोलोकियाचा तिखटपणा मोजून जगाला दाखवला, २००७ मध्ये गिनीज बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवले आणि पुढे तिच्यापासून जमाव पांगवण्याचे ग्रेनेडही बनले. आसामीत मिरी म्हणजे जालुक, आणि जोलोकिया हा शब्द तिच्याच नात्यातला. म्हणजे त्या ग्रेनेडवरही मिरीचाच ठसा आहे.

आता मराठीकडे. आपल्याकडे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, मिरी आणि मिरची. वरवर पाहता मिरी मोठी बहीण आणि मिरची धाकटी. पण दोघींच्या कागदपत्रांत एक फरक आहे, आणि या लेखात मला सांगायचे आहे ते हेच.

संस्कृतातला शब्द प्राकृतातून मराठीत उतरताना दोन स्वरांमधला एकटा च सहसा गळतो. सूचीची सुई झाली ती अशी. मरिचचेही तसेच झाले; प्राकृतात मिरिअ, मराठीत मिरे आणि मिरी. च गेला. हा शब्द दोन हजार वर्षे आपल्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला आहे. मग मिरचीत च कुठून आला? ती मिरीच्याच पोटी मराठी घरात जन्मली असती, तर तिच्या नावात च राहिला नसता. म्हणून माझा तर्क असा, की वस्तू गोव्याच्या बाजूने आली असली तरी मिरची हा शब्द आपल्याकडे बाजारातून, छावणीतून, दख्खनी आणि हिंदुस्तानी बोलीतल्या मिर्चवरून आला. गुजरातीतही अशीच जोडी आहे: मिरीला मरी, मिरचीला मरचुं. तिथेही घरचा शब्द मिरीला आणि च असलेला मिरचीला. घरच्या शब्दापासून खरोखर घडलेले नाव आपल्याकडे एकच, ते म्हणजे मिरसांग, आणि ते किनाऱ्यावरच राहिले.

हे सांगायचे कारण मेसमधली एक नेहमीची चर्चा. उत्तरेकडचे सहकारी मला हसत सांगतात, की मिरची दिल्लीला तुम्ही मराठ्यांनी आणली, त्याआधी आम्ही सुखाने मिरी खात होतो. ही गोष्ट पुस्तकांतूनही फिरते. तिला आधार दिसतो तो असा: सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याच्या पदार्थांची मापे दिली आहेत; त्यांत मिरी आहे, लाल मिरची नाही. पुढे अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यातून दिल्लीपर्यंत आल्या. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून गेले. १७८४ पासून १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईपर्यंत, मधला गुलाम कादिराचा काळ सोडला तर, दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हाती होता. फौजेबरोबर शिदोरी जाते, शिदोरीबरोबर चव जाते. ऐकायला छाती फुगते.

पण फौजी माणूस एका साक्षीवर निकाल देत नाही. अठराव्या शतकात मराठे दिल्लीला आले तेव्हा मिरची हिंदुस्थानात दोनशे वर्षांची झाली होती. पोर्तुगीज एकट्या गोव्यात नव्हते. केरळात होते, गुजरातच्या किनाऱ्यावर होते, बंगालमध्ये हुगळीला होते. बंदरे अनेक, तर दरवाजेही अनेक. वर दिलेली नावे तेच सांगतात. एकाच सैन्याने मिरची सगळीकडे नेली असती, तर तिचे नावही बरोबर गेले असते, जसे बटाटा, काजू, अननस, पपई ही नावे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. दिल्लीच्या भाषेत मिरसांग नाही, तिखट नाही. शब्दापुरते बोलायचे तर वाहतूक उलट्या दिशेने झालेली दिसते. उत्तरेने आपल्याला मिर्च दिली. मराठ्यांनी दिल्लीत पुष्कळ काही केले, त्याचा हिशेब इतिहासात आहे. त्यात मिरची घालायची गरज नाही.

मग मिरची इतक्या वेगाने का पसरली? कारण साधे आहे. मिरीच्या वेलाला केरळचा पाऊस, सावली आणि चढायला झाड लागते. मिरची परसात, कुंडीत, कोरडवाहू रानाच्या बांधावर कुठेही येते आणि त्याच हंगामात फळते. मिरी राजाच्या आणि व्यापाऱ्याच्या हातात होती. मिरची गरिबाच्या परसात आली. भाकरीबरोबर काही नसले तरी मिरची असते. आणि तिखट या चवीची जागा आपल्या जिभेवर मिरीने आणि सुंठीने आधीच तयार ठेवली होती. म्हणून मिरचीला परके नाव घेऊन फिरावे लागले नाही. मराठीने तर तिला चवीचेच नाव दिले. आपल्याकडे तिखट म्हणजे चवही आणि डब्यातली पूडही.

घरात मात्र मिरीची आठवण पूर्ण गेलेली नाही. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. त्यात मिरचीला आजही प्रवेश नाही. त्यामुळे जुन्या ग्रंथात मरिच दिसले म्हणून कुणी मिरची वेदकाळापासून आहे असे म्हणू लागला, तर त्याला त्रिकटूच्या चूर्णाची बाटली दाखवावी. आमच्या जिन्यावरच्या तमिळ काकू श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची घालत नाहीत, मिरीच घालतात. पितरांना जी चव माहीत होती ती त्यांना द्यायची, एवढा सरळ हिशेब. आपण मराठी लोक याबाबत सैल. एकादशीची साबुदाण्याची खिचडी बघा: साबुदाणा ज्या कंदाचा तो, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, चारही वनस्पती मूळच्या अमेरिकेच्या. तूप, जिरे आणि मीठ सोडले तर आपला उपवास अमेरिकन आहे. त्याला पवित्र करायला आपल्याला तीनचारशे वर्षे पुरली.

शेवटी माझी खरी काळजी. फौजी मुले दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलतात. शाळा हिंदी-इंग्रजीची, खेळ हिंदीत, भांडण हिंदीत. आमची मुलगी मराठी बोलते, पण मिरीला काली मिर्च म्हणते, आणि आठवण करून दिली तर काळी मिरची. तिच्या मराठीतून मिरी हा शब्द गेला आहे. हे फक्त दिल्लीतल्या मुलीचे नाही. पुण्यातल्या दुकानातल्या पाकिटांवरही काळी मिरी लिहिलेले असते. मिरी काळीच असते; पूर्वी नुसते मिरी म्हटले की पुरत असे. हे काळी हिंदीच्या मागून आत शिरले, आणि हिंदीत जे झाले त्याची ही पहिली पायरी आहे. आधी विशेषण चिकटते, मग नाव जाते.

एक शब्द गेल्याने स्वयंपाक अडणार नाही, हे मला कळते. पण मिरी गेली तर सुई आणि सूचीसारखा दोन हजार वर्षांचा एक धागा तुटेल, आणि मुलीला वाटेल की मिरची आपल्याकडे पहिल्यापासूनच होती आणि मिरी म्हणजे तिचाच काळा प्रकार. दोन शब्द शिल्लक आहेत तोवर कोण आधीचे आणि कोण नंतरचे हे लहान मुलालाही सांगता येते. नंतर आलेलीला हाकलायचे नाही. ठेच्याशिवाय मी एक दिवस राहू शकत नाही. फक्त आधीच्या मालकिणीची पाटी दारावर राहू द्यायची. म्हणून आमच्या घरी डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मुलीकडूनच लिहून घेतल्या आहेत: एका डब्यावर तिखट, दुसऱ्यावर मिरी. काळी नाही, नुसती मिरी.

तुमच्यापैकी अनेकांनी माझ्याहून जास्त पोस्टिंग केली आहेत. मणिपुरात मिरचीला मोरोक म्हणतात आणि मिझोराममध्ये ह्मार्चा, एवढे मी लंगरात ऐकून ठेवले आहे. तुमच्या पलटणीत, तुमच्या गावच्या बोलीत मिरीला काय म्हणतात आणि मिरचीला काय, ते कळवा. दोन्ही शब्द द्या. एकाच शब्दावर भागत असेल, तर मिरीच्या मागे कुठले विशेषण लागले आहे तेही लिहा.

जय हिंद.